अरफातहून मुज्दलिफा, पायी

सूर्य मावळला आणि मक्केजवळचं अरफातचं सगळं मैदान उठून चालायला लागलं. 27 जून 2023. त्या साली हजला अठरा लाखांवर माणसं होती. दुपारभर हात पसरून रडलेली ती माणसं आता एकाच दिशेला निघाली होती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ झालेली, पण त्या संध्याकाळी मगरिब अरफातला पढायची नसते. मुज्दलिफाला, रात्रीच्या मुक्कामाच्या जागी, पोचून रात्रीच्या इशाच्या नमाजबरोबर पढायची.

बस होती, तरी मी आणि बायको पायी निघालो. आठेक किलोमीटरची वाट. आम्ही फलटणचे. माऊलींची पालखी आमच्या गावातून जाते. लहानपणी अम्मी कळशी भरून द्यायची आणि मी वारकऱ्यांना पाणी द्यायला उभा राहायचो. त्या साली आषाढी एकादशी आणि आपल्याकडची बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या, 29 जूनला. आम्ही इकडे चालत होतो तेव्हा तिकडे पालख्या पंढरपूरजवळ पोचल्या होत्या. रस्ताभर ते मनात होतं.

मला घाई झाली होती. मुज्दलिफाला आडवं व्हायला बरी जागा मिळावी म्हणून मी गर्दीत फट दिसेल तिथे घुसत होतो, बायकोचा हात ओढत होतो. एक म्हातारी आफ्रिकन बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. बायको थांबली, आपली बाटली तिच्या हातात दिली आणि तिच्या पायांशी बसून राहिली. मी म्हणालो, "चल गं, उशीर होतोय."

"थांबा जरा. मुज्दलिफा कुठे पळून चाललंय?"

मी गप्प झालो, कारण निघण्याआधी मौलानांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आठवली. हिजरी 10 मध्ये, म्हणजे इसवी सन 632 मध्ये, पैगंबर साहेब याच वाटेने निघाले होते. मागून आरडाओरडा आणि उंटांना मारल्याचा आवाज आला. त्यांनी चाबकाने मागे खूण केली आणि म्हणाले, लोकहो, शांतपणे चला. उंट घाईने पळवण्यात नेकी नाही. बुखारी शरीफ या हदीसच्या संग्रहात आहे हे. तिथे नेकीसाठी शब्द आहे 'बिर्र'. आपण हाजींना दुआ देतो ना, "हज्जे मबरूर नसीब होवो", तो 'मबरूर' याच बिर्रमधून आलेला. इतकी वर्षं मी त्याचा अर्थ 'कबूल झालेला हज' एवढाच धरून होतो. नेकी भरलेला हज असा अर्थ कधी मनात आलाच नव्हता.

मुज्दलिफाला नमाज झाली. मिनाला सैतानाला मारायचे हरभऱ्याएवढे 49 खडे वेचून पिशवीत बांधले आणि उघड्यावर चटई टाकली. बायको लगेच झोपली. मला झोप येईना. कुरआनातल्या सूरह बकराची 177वी आयत डोक्यात फिरत होती. तोंड पूर्वेला केलं की पश्चिमेला, यात नेकी नाही, अशी ती सुरू होते. नेकी म्हणजे ईमान, अल्लाहवरची श्रद्धा, आणि माल प्रिय असूनही तो देणं. कुणाला? पहिले नातेवाईक, मग अनाथ, गरजू, वाटसरू, मागणारे. नमाज आणि जकात, म्हणजे ठरलेलं दान, त्याच्याही नंतर येतात. ज्या काब्याकडे जन्मभर तोंड करून उभा राहिलो, त्याच्या दारापर्यंत आलो होतो मी, आणि आयतीतल्या पहिल्याच नावाशी अडलो होतो.

अब्बांची तीन एकर जमीन, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरची. अम्मी अब्बांच्या आधी गेल्या. आम्ही दोघंच भावंडं. कुरआनचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल: दोन एकर माझे, एक बहिणीचा. अब्बांच्या मागे मी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. सगळेच घेतात. तिनेही काही न बोलता दिली. हजला निघण्याआधी सगळी देणी फेडली, दुकानाची उधारीसुद्धा, आणि रिवाजाप्रमाणे घरोघर जाऊन कहासुना, म्हणजे बोलण्या-वागण्यात चुकलं असेल ते, माफ करून घेतला. तिच्या घरी गेलो तर ती म्हणाली, "भाई, सही तर मी कधीच दिलीय. आता माफी कशाची मागता?"

मी त्याला होकार समजून उठलो होतो.

मुस्लिम शरीफ या दुसऱ्या संग्रहात हदीस आहे: नेकी म्हणजे चांगलं वागणं, आणि गुनाह म्हणजे जे तुझ्या मनाला टोचतं आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं. त्या सहीबद्दल मी बायकोलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर, मिनाला निघण्याआधी, सांगितलं. तिने फक्त विचारलं, "कुठला एकर देणार?"

घरी परतल्यावर लोक भेटायला आले. बहीणही आली, जमजमचं पाणी आणि खजूर घेऊन गेली. हजबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही. ऑगस्टमध्ये तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेलो आणि बक्षीसपत्र केलं. कालव्याला लागून असलेला एकर. वरचा मुरमाड देता आला असता, आणि खरं सांगतो, आदल्या रात्रीपर्यंत तोच मनात होता.

सह्या, अंगठे, फोटो झाले. बाहेर लिंबाखाली आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "भाई, अरफातला फार ऊन होतं का?"