कितीला टाकू, असं तुम्ही विचारलंत म्हणून

भिशीला जा, हळदीकुंकवाला जा, कोणाच्या साखरपुड्याला जा, हल्ली मला कोणी ना कोणी बाजूला घेऊन हेच विचारतं, ताई तुम्ही ते घरातलं जुनं सामान मोबाईलवरून विकता ना, खरंच पैसे येतात का हो त्यात, आणि आमचा एक फ्रीज पडलाय तो कितीला टाकू? प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून घसा बसायला लागला म्हणून एकदाच लिहून काढतेय. येतात पैसे. फक्त कितीला टाकू हे नंतर विचारा, आधी कधी टाकू ते विचारा. आपल्या खान्देशात तरी निम्मा भाव महिनाच ठरवतो असं माझं मत आहे.

कूलरचंच घ्या. आमच्या भुसावळचा उन्हाळा महाराष्ट्रात बदनाम, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि तेव्हा माणूस जेवणाआधी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी त्यांचा लोखंडी बॉडीचा मोठा कूलर ऑगस्टमध्ये टाकला, का तर गॅलरीत अडचण होतेय. लोक म्हणे हजार रुपये देतो, वर घरपोच आणून द्या. मी आमचा तसाच, तेवढाच जुना कूलर होळी झाली तसा टाकला आणि ३५०० ला गेला, घेणारा यावलहून छोटा हत्ती घेऊनच आला होता. त्याआधी मी काय केलं तर दोन्ही बाजूंचं गवत नवीन बसवलं, आपल्याकडच्या पाण्याने टाकीत आणि जाळीवर जो पांढरा थर बसतो तो लिंबूसत्व टाकून घासला, आणि पंप चालू करून पाणी पडताना व्हिडिओ काढला. एवढंच. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया उलटली की हाच भाव उतरायला लागतो, आणि रोहिणी लागल्या की तर विचारूच नका, ज्याला घ्यायचा होता त्याने घेऊन टाकलेला असतो. गॅलरीत अडचण होते हे मान्य आहे, पण त्या अडचणीवर चादर टाका आणि होळीची वाट बघा.

कपाट, दिवाण, डायनिंग टेबल यांचं उलटंच आहे बरं का. भुसावळ म्हणजे बदल्यांचं गाव, रेल्वेचं डिव्हिजन इथे, ऑर्डनन्स फॅक्टरी इथे, दीपनगरचं औष्णिक केंद्र शेजारी. शाळेच्या परीक्षा संपल्या की बदलीवाले सगळे एकदम सामान काढतात, कारण ट्रकने न्यायचा खर्च दिवाणाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि मग एप्रिल ते जून इथे इतकी कपाटं बाजारात येतात की मागाल त्या भावात मिळतात. तेव्हा आपण कशाला त्या गर्दीत घुसायचं? त्या दिवसांत घ्यायचं असेल तर घ्या. विकायचं असेल तर थोडं थांबा, नवीन बदलून आलेली माणसं क्वार्टरमध्ये सेटल होतात, जळगावला पोरं रूम करून राहायला येतात, त्यांना कॉट पाहिजे, टेबल पाहिजे, गॅसची दोन बर्नरची शेगडी पाहिजे, आणि तोपर्यंत बदलीवाल्यांचा माल संपलेला असतो.

आणि तिसरं म्हणजे शेतीचा पैसा, हे शहरातल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. माझ्याकडून घेणारे निम्म्याहून जास्त लोक यावल, रावेर, मुक्ताईनगर, बोदवड इकडचे, म्हणजे खेड्यातले. जूनमध्ये त्यांचा सगळा पैसा बियाणं आणि खतात गेलेला असतो, तेव्हा तुम्ही शिलाई मशीन टाका नाहीतर एलईडी टीव्ही टाका, फोन येतील, ताई काही कमीजास्त व्हई का म्हणून विचारतील, आणि पोळ्यानंतर बघू म्हणतील. खरं तर पोळ्यानंतरही नाही, कापसाची वेचणी सुरू होऊन पहिला माल विकला गेला की मग. दिवाळी ते संक्रांत या काळात मोठी वस्तू टाकली की घासाघीस कमी होते, असा माझा तरी अनुभव आहे. केळीवाल्यांचं वेगळं, त्यांची कापणी ज्या महिन्यात येते तेव्हा त्यांच्या हातात पैसा, म्हणून सावदा-फैजपूरकडचा फोन कधीही येऊ शकतो. घरघंटी म्हणजे ती घरगुती पिठाची चक्की, तिला मात्र मी बघितलं तेव्हा बारा महिने गिऱ्हाईक आहे. टाका आणि फोन चार्जिंगला लावून ठेवा.

पुस्तकांचा सीझन सगळ्यांना माहितीये, बारावी आणि नीटची जूनमध्ये जातात. पण पुस्तक धरून ठेवू नका, अभ्यासक्रम बदलला की ती रद्दीच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तर त्या आधीचे बहुपर्यायी प्रश्नसंचांचे गठ्ठे भाच्याकडे अजून पडून आहेत आणि तो अजून छापील किमतीचे अर्धे मागतोय. कोण देणार रे बाबा.

बरं, आता सीझन नसलेल्या वस्तूची गोष्ट सांगते, कारण ती सगळ्यांना ऐकायची असते. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब होता. गिझर आल्यापासून माळ्यावर. भांड्यांच्या दुकानात विचारलं तर तो मोडीच्या भावाने घ्यायला तयार, वर आतली नळी वेगळ्या धातूची म्हणून तेवढं वजन कापणार, तोटीचं पितळ वेगळ्या भावाने. व्यवहार म्हणून त्याचं काही चूक नव्हतं, तो तांबं विकत घेतो, बंब विकत घेत नाही. मी म्हटलं थांबा जरा. चिंचेने घासून चकचकीत केला, अंगणात सकाळच्या उन्हात फोटो काढले, उंची टेपने मोजून लिहिली, एका ठिकाणी पोचा आहे त्याचा जवळून फोटो टाकला आणि मोडीच्या अडीचपट किंमत लिहिली. मग कितीतरी दिवस काहीच नाही. फक्त, शेवटचे किती, असे मेसेज. आणि मग एक दिवस नाशिकचे एक गृहस्थ, त्यांचं हॉटेल आहे, ते जळगावला कोणाच्या तरी लग्नाला आले होते तिथून थेट घरी आले. बंबावर टिचकी मारून बघितली, खाली वाकून बूड बघितलं आणि ठरलेले पैसे दिले, एक रुपया कमी नाही केला. सासूबाई ओट्यावरून सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, यात पाणी तापवणार का? ते म्हणाले नाही आजी, दारात ठेवून त्यात झाड लावणार. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. ते गेल्यावर म्हणाल्या, पैसे देऊन झाड लावायला बंब घेतो, याच्या घरात बादली नाही का. पण त्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी एक हजार वेगळे मागून घेतले आणि ते रास्तच होतं, बंब त्यांचा.

तर तांबं, पितळ, सागवानी देव्हारा, जुने अडकित्ते, पाटा-वरवंटा, असलं काही असेल तर महिना बघू नका, माणसाची वाट बघा. तो माणूस बहुतेक पुण्या-नाशिकचाच असतो. घाईत मोडीत घालू नका, पण कायम वाट बघत बसायला जागा असेल तरच हं.

आता कितीला टाकू त्याचं. नवीन वस्तू आज केवढ्याला मिळते ते बघा, तुम्ही तेव्हा केवढ्याला घेतली ते विसरा. हे जमत नाही लोकांना. एक ओळखीच्या बाई मला म्हणे टीव्ही आम्ही ३२ हजाराला घेतला होता. अहो घेतला असेल, पण आज तेवढ्याच इंचाचा नवाकोरा टीव्ही निम्म्या पैशात वॉरंटीसकट मिळतो, तर तुमचा कोण घेणार? आणि तो जुना मोठ्या पाठीचा डबा टीव्ही तर फुकट पण कोणी नेत नाही, तो ई-कचऱ्यात द्या आणि मोकळे व्हा. इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी ऑनलाईन टाकत बसू नका, तिच्यात शिसं असतं, नवीन घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो तोच चांगला व्यवहार. घासाघिशीला थोडी जागा ठेवून किंमत लिहा. फिक्स लिहिलं तरी कमी करायला सांगणारच, आपणही भाजीवाल्याला सोडत नाही.

टाकायचं कुठे? ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गावातले ग्रुप, तिन्हीकडे. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस खात्रीने येतो, कारण तो कोणाचा तरी मावसभाऊ निघतो आणि दिलेला शब्द मोडला तर गावभर होतं. अ‍ॅपवरचा रविवारी येतो म्हणतो आणि फोन बंद करतो. पण बंबाचं गिऱ्हाईक अ‍ॅपवरूनच आलं, तेवढं त्याला दिलं पाहिजे.

गाडी आणि मोबाईल ह्या दोन वस्तू मात्र नुसते पैसे मोजून देऊ नका. बाईक विकली की फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड, घेणाऱ्याच्या नावावर झालीच पाहिजे, कर्जाची नोंद असेल तर आधी फॉर्म ३५ देऊन ती उतरवा. नुसत्या बॉण्डवर लिहून दिलं म्हणजे झालं असं लोक सांगतात, ते ऐकू नका. आरसी ज्याच्या नावावर तोच मालक असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, म्हणजे गाडी घेणाऱ्या पोराने अपघात केला तर भरपाईसाठी तुमच्या दारात येतील. आणि रावेरकडच्या लोकांनी अजून एक लक्षात ठेवा, एमएच १९ ची म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याची गाडी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या माणसाला दिली तर राज्य बदललं, म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी लागते. त्याला घाई असली तरी तुम्हाला नाही. मोबाईलचं म्हणाल तर आधी त्यातलं गुगल अकाउंट काढा आणि मग रिसेट मारा, नाहीतर घेणाऱ्याला तो उघडतच नाही आणि तो परत तुमच्याकडे येतो. जळगावच्या गोलाणी मार्केटला नेऊन दिलात तर पैसे कमी मिळतील पण डोकेदुखी नाही, मी जुने मोबाईल तिथेच देते. आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहा.

फसवणुकीचं सांगायलाच पाहिजे कारण आपल्या गावात ती जास्त पटते. फोन येतो, मी आर्मीत आहे, बदली होऊन आलोय, फ्रीज पसंत आहे, बघायला येत नाही, पैसे आत्ता पाठवतो, उद्या आमची गाडी येऊन नेईल. ओळखपत्राचा युनिफॉर्मातला फोटोसुद्धा पाठवतात. पुण्यात हे ऐकून माणूस कदाचित हसेल, पण भुसावळात खरंच बदलून आलेली माणसं दर गल्लीत आहेत, त्यामुळे खरं वाटतं. मग तो क्यूआर पाठवतो आणि म्हणतो स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागायची जी रिक्वेस्ट यायची ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीय, पण क्यूआरचं नाटक चालूच आहे. मला असा फोन आला की मी म्हणते साहेब, क्वार्टर कुठलं, आमचे हे स्वतः येऊन फ्रीज पोचवतात. लगेच फोन कट. आणि कोणाचे गेलेच तर लाजत घरात बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

घरी बोलवायचं तर घरात कोणीतरी असताना बोलवा, वस्तू ओट्यावर आणून ठेवा, बेडरूम दाखवायची गरज नाही. वस्तू चालवून दाखवा. जे बिघडलंय ते तोंडाने सांगा, गाव लहान आहे, तोच माणूस उद्या बाजारात भेटणार.

महिन्याला किती सुटतात हेही विचारतात. महिन्याला असं काही नसतं हो, घरातलं सामान एकदा विकलं की संपलं. कोणी म्हणतं मग बाहेरून घेऊन विका, बदलीवाल्यांकडून मे मध्ये घ्यायचं आणि ऑगस्टमध्ये विकायचं. करतात इथे काहीजण, गोडाऊन भाड्याने घेऊन करतात. मी नाही करत. स्वतःची वस्तू विकली तर काय बिघडलं होतं हे मला माहीत असतं, दुसऱ्याची विकली तर घेणाऱ्याची बायको मला भिशीत विचारणार.

आता आमच्याकडे यांची व्यायामाची सायकल आहे, नवीनसारखी, वापरलीच नाही म्हणून नवीनसारखी. १ जानेवारीच्या आठवड्यात टाकणार आहे, तेव्हा सगळ्यांचे संकल्प ताजे असतात. त्याआधी कोणाला पाहिजे असेल तर सांगा, किंमत भेटल्यावर बोलू, फक्त दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उतरवायची तुमची तुम्ही.