पोर्टलमध्ये नाव टाकल्यावर

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या विद्यापीठानं मुलींचा टेनिस संघ बंद केला. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं मध्यम आकाराचं सरकारी विद्यापीठ. खेळायचं कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्येच, पण शनिवारी टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या विद्यापीठांच्या पंगतीतलं नव्हे. अशांना इकडे मिड-मेजर म्हणतात. त्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी), पुऱ्या केलेल्या विषयांच्या क्रेडिटांचा हिशेब आणि व्हिसाचे कागद यांतून मी कशी बाहेर पडले ते लिहितेय. टेनिस यात कमीच येईल, आधीच सांगते.

पहिल्यांदा पैशाचं. मी सोलापूरहून २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथे आले, तेव्हा कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळून वर्ष झालं होतं. १ जुलै २०२१ पासूनची ती सोय, सगळे तिला एनआयएल म्हणतात. माझी अमेरिकन डबल्स पार्टनर गावातल्या पिझ्झावाल्यासाठी इन्स्टाग्रामवर रील करायची आणि त्यातून तिच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे सुटायचे. मला तेवढंही चालत नव्हतं. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेर कमवायला गेलात तर व्हिसा धोक्यात. इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, "पिझ्झा खा, पण त्याचा फोटो टाकून पैसे घेऊ नकोस." केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे हा मूळचा काँगोचा बास्केटबॉलपटू. २०२२ मध्ये त्याचा संघ बहामाजला गेला तेव्हा त्यानं अमेरिकेच्या हद्दीबाहेर जाहिरातींची कामं उरकून घेतली. आम्हा परदेशी खेळाडूंत ही गोष्ट फार आवडीनं सांगितली जाते. आमचा संघ बहामाजला कसला जातोय! आम्ही व्हॅनमधून सहा-सहा तास मक्याची शेतं बघत जायचो.

खरा पैसा फिरतो अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये, आणि आमच्यासारख्या विद्यापीठांची दशा बास्केटबॉलमध्येच नीट दिसते. इंडियाना स्टेटचं बघा. २०२३-२४ मध्ये त्यांनी ३२ सामने जिंकले, एनआयटी या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सीटन हॉलकडून दोन गुणांनी हरले. चष्मा लावून खेळणारा रॉबी अविला तर देशभर लाडका झाला होता. हंगाम संपला, कोच सेंट लुईसला गेले आणि सुरुवातीचे पाचच्या पाच खेळाडू विद्यापीठ सोडून गेले. दोघं कोचच्या मागे, दोघं टेक्ससला, एक झेवियरला. पुढच्या वर्षी ड्रेक विद्यापीठाचं तेच. मार्च मॅडनेस या सगळ्यात मोठ्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत मिझुरीला हरवलं, मग कोच बेन मॅकॉलम आयोवाला आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा खेळाडू बेनेट स्टर्ट्झही. पूर्वी विद्यापीठ बदललं की सहसा एक हंगाम बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली आणि २०२४ पासून, अभ्यास नीट असेल तर, कितीही वेळा बदला. २०२५ च्या मार्च मॅडनेसमध्ये शेवटच्या १६ संघांत चार बड्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, बाहेरचा एकही नव्हता.

आमच्याकडे काय झालं? आमच्या बास्केटबॉल संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा, दरवर्षी बदलायचा. चांगला निघाला की वसंतात गेलाच. शेवटी दोघांना तरी धरून ठेवायचं म्हणून देणगीदारांकडे पदर पसरणं सुरू झालं. माजी विद्यार्थ्यांच्या ज्या गटानं पूर्वी आमच्या कोर्टांचे दिवे बसवून दिले होते, त्यांच्याकडेही बास्केटबॉलसाठी फोन गेले. हे मला आमच्या कोचनंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

त्यात हाउस खटल्याची तडजोड आली. ग्रँट हाउस नावाच्या जलतरणपटूच्या नावानं ओळखला जाणारा हा खटला कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेविरुद्ध, खेळाडूंना कमाईतला वाटा मिळावा म्हणून. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ ला तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. २०२५-२६ साठी तडजोड स्वीकारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतील असं ठरलं. 'येतील' म्हणजे ज्यांच्याकडे आहेत त्यांना. शिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई. तिचा मोठा भाग बड्या कॉन्फरन्समधल्या फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलच्या खेळाडूंना, पण एनसीएए तिच्यासाठी जी कपात करणार ती डिव्हिजन वनमधल्या सगळ्यांच्या वाट्यातून. जेवले ते, आणि पत्रावळ्या उचलायला आम्ही. कॅल पॉलीनं मंजुरीची वाटही न पाहता मार्च २०२५ मध्ये जलतरण बंद केलं आणि कारणांत याच तडजोडीचं नाव घेतलं. जलतरणपटूच्या नावाचा खटला, आणि बंद झालं जलतरण! त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियाचं सेंट फ्रान्सिस मार्च मॅडनेसमध्ये खेळून आलं आणि आठवड्याभरात डिव्हिजन थ्रीमध्ये जात असल्याचं जाहीर करून मोकळं झालं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत.

आमचा संघ बंद होतोय ही बातमी सांगायला आम्हाला बास्केटबॉल संघाच्या व्हिडिओ-खोलीत बसवलं. खुर्च्या कातडी, प्रत्येकीला बाटली ठेवायला खाच. मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेले होते. ॲथलेटिक डायरेक्टरांनी कागदावरून वाचून दाखवलं: कॉलेज क्रीडा क्षेत्रातली बदलती परिस्थिती, कठीण निर्णय, तुमच्या स्कॉलरशिप पदवीपर्यंत कायम. कोच भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांना अर्धा तास आधी कळलं होतं. आमच्या चेक खेळाडूनं एकच विचारलं, "शनिवारचा सामना आहे ना?" होता. आम्ही तो खेळलोही.

घरी फोन केला. आई म्हणाली, "बंद करतेत म्हणजे काय, कोर्ट विकतेत का?" विकली नाहीत, नंतर त्यांच्यावर पिकलबॉलच्या रेघा मारल्या. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्कॉलरशिपचं लेखी घेतलंस का?" दुसऱ्या दिवशी घेतलं, ईमेलवर. पुढे तेच उपयोगी पडलं, कारण साधारणपणे पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं विद्यापीठ चालू सेमिस्टरनंतरची स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं. मला मात्र दुसरीकडे सही करेपर्यंत ती राहील, असं त्या ईमेलात स्पष्ट लिहून आलं.

राहिले असते तर पदवी फुकट होती. शहाणपण त्यातच होतं आणि आमच्यातल्या तिघींनी तेच केलं. मला शेवटचं वर्ष खेळायचं होतं.

पोर्टल हा शब्द भारी वाटतो, प्रत्यक्षात तो एक तक्ता आहे. कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसला, लेखी कळवायचं, एक ऑनलाइन माहितीपाठ पुरा करायचा, मग कामकाजाच्या दोन दिवसांत त्यांनी तुमचं नाव चढवायचं. नाव, खेळ, विद्यापीठ, ईमेल. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाच्या कोचनं तुमच्याशी बोलणं नियमाविरुद्ध. बास्केटबॉलवाल्यांच्या बाबतीत हा नियम किती पाळला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव चढायच्या आत त्यांचं पुढचं घर ठरलेलं असतं. टेनिसमध्ये मात्र नाव चढल्यावर आपणच ईमेल पाठवत बसायचं.

मी पाठवले. बऱ्याच ठिकाणाहून उत्तरच नाही. जिथून आलं, तिथे पहिला प्रश्न यूटीआर (टेनिसपटूंचं रेटिंग) किती, आणि दुसरा प्रश्न डबल्सचा. इथे दोन विद्यापीठांच्या लढतीत सात गुण असतात: सहा सिंगल्सचे सहा, आणि तिन्ही डबल्स मिळून एक. तो एक गुण आधीच ठरतो, त्यामुळे कोच त्याच्यावर जीव टाकतात. माझी सिंगल्स बेताची आहे, पण मी डाव्या कोर्टात खेळते आणि ड्यूसनंतरच्या एकाच निर्णायक पॉइंटला माझा रिटर्न हलत नाही. एका कोचनं निवडक फटक्यांचा व्हिडिओ बघायचंच नाकारलं. म्हणाल्या, "हरलेला एखादा सामना पाठव, पूर्ण." मी पाठवला. १-४ वर असताना माझ्या पार्टनरनं डबल फॉल्ट केला तेव्हा मी काय केलं, यावर त्या दहा मिनिटं बोलल्या. शेवटी त्यांच्याकडेच गेले.

पण मे महिनाभर कोणी आकडा बोलेना. जो तो म्हणे, तडजोडीवर न्यायालयाचा निकाल येऊ दे. जुन्या नियमात मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना आता दहा जणींचा संघ, त्यात स्कॉलरशिप कितीही आणि कशीही तोडून देता येते. कागदावर वाढ, हातात मात्र एका विद्यापीठानं मला साठ टक्के देऊ केले. उरलेले चाळीस टक्के म्हणजे बाबांचा काही वर्षांचा पगार. ज्या कोचनं हरलेला सामना मागितला, त्यांच्या विद्यापीठानं तडजोड स्वीकारलीच नव्हती. तिथे जुनेच आठ, आणि त्यातली एक जागा रिकामी.

मग क्रेडिटं. हा भाग कोणी सांगत नाही आणि पोर्टलमध्ये गेलेले कित्येक जण इथेच अडकतात. एनसीएएचा नियम असा: चौथ्या वर्षी खेळायचं तर पदवीच्या ६० टक्के क्रेडिटं झालेली हवीत, आणि ती नव्या विद्यापीठाच्या पदवीला लागू होणारी. माझी पदवी संख्याशास्त्राची, १२० क्रेडिटांची, म्हणजे ७२ हवीत. माझ्याकडे नव्वदच्या आसपास होती. मी निर्धास्त. पहिलं मूल्यमापन आलं तर त्यात पदवीला लागू फक्त ६३. बाकीची त्यांनी नुसती जमा धरली, त्या विषयांना पदवीत जागाच नव्हती.

लिनिअर अल्जेब्राचा आख्खा विषय त्यांनी तसाच बाजूला टाकला होता. मी त्या विषयाचा सिलॅबस, पुस्तकाचं नाव आणि आठवड्यांचं वेळापत्रक गणित विभागाला पाठवून फेरविचार मागितला. ॲथलेटिक विभागाकडून नाही, स्वतः, कारण प्राध्यापक मंडळींना खेळाच्या ऑफिसातून आलेला ईमेल फारसा आवडत नाही. ३ क्रेडिटं मिळाली, ६६ झाली. उरलेल्या ६ साठी उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचे दोन ऑनलाइन विषय घेतले. तिथले विषय फक्त पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे धरले जातात, म्हणून आधी नव्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून ते चालतील असं लिहून घेतलं आणि मगच फी भरली. बरोब्बर ७२. एकात जरी नापास झाले असते तर सगळं मुसळ केरात.

सहीचं त्यामानानं सोपं. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ मध्ये रद्द झालं, आता थेट स्कॉलरशिपच्या करारावर सही होते. व्हिसाचं मात्र क्रमानं करावं लागतं. आधी नव्या विद्यापीठाचा प्रवेश, मग जुन्याला सांगून सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद तिकडे सोडायची तारीख ठरवायची, त्यानंतर नवीन आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद. त्या तारखेपर्यंत तुम्ही जुन्यांच्या ताब्यात, तारीख उलटली की नव्यांच्या. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी तो चालतो. तरीही त्या उन्हाळ्यात मी सोलापूरला गेले नाही. एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या होत्या, मेच्या अखेरीस वकिलातींनी विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतीच थांबवल्या. त्या जूनमध्ये परत सुरू झाल्या, पण इंटरनॅशनल ऑफिसचा सल्ला एकच होता, हलू नका. आईनं शेंगाचटणी कुरियर केली आणि कुरियरचे पैसे चटणीच्या कितीतरी पट गेले.

आता मी डबल्सला दुसऱ्या क्रमांकावर आणि सिंगल्सला पाचव्या-सहाव्यावर खेळते. इथल्या बास्केटबॉल संघाचा सर्वाधिक गुण करणाराही जाणार असं ऐकतेय. हे विद्यापीठ टेनिस किती वर्षं चालवेल, मी कोचना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझी पदवी होईपर्यंत नक्की." त्यांना त्याहून जास्त कोणी सांगितलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या टेनिसवाल्या घरांत ऋतुजा भोसलेचं नाव निघतंच. ती टेक्सस ए अँड एममध्ये शिकली, तिथे खेळली आणि पुढे रोहन बोपण्णाबरोबर एशियाडचं सुवर्ण जिंकली. म्हणून हल्ली मुलामुलींचे आईवडील मलाही फोन करतात आणि एनआयएलचे पैसे किती मिळतील ते विचारतात. एफ-१ वर धरू नका, असं सांगितलं की थोडे हिरमुसतात. मग मी त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगते: विद्यापीठानं तडजोड स्वीकारली आहे का, स्कॉलरशिप एका वर्षाची की पदवीपर्यंतची, आणि हिवाळ्यात सराव ज्या इनडोअर कोर्टांवर होतो ती विद्यापीठाची आहेत की भाड्याची. भाड्याची असतील तर काटछाट तिथूनच सुरू होते, आमच्याकडे तशीच झाली होती.

परवा सांगलीच्या एका वडिलांनी कळवलं की कोच म्हणाले, सगळं नक्की आहे, काळजी करू नका. मी म्हटलं, काका, कराराची पीडीएफ मागून घ्या आणि मला पाठवा, मी वाचून सांगते. ती अजून आलेली नाही.