पाच जणांची एकत्र मिरची खरेदी : माझा अनुभव

फेब्रुवारी ते एप्रिल हा आम्हा तिखट-मसालेवाल्यांचा हंगाम. नागपुरात घरून मसाले करणारे आम्ही पाच जण वर्षाची मिरची मिळून घेतो. चाळीस किलोच्या गिऱ्हाइकाला कळमन्याच्या घाऊक बाजारातला व्यापारी चुंगडी, म्हणजे पोतं, धड उघडूनही दाखवत नाही, आणि मस्कासाथेच्या बाजारातून थोडी थोडी आणावी तर भाव चढा. चारशे किलोची मागणी घेऊन गेलं की बोलणं बदलतं. मात्र असे गट भावावरून कमी आणि वजनातल्या घटीवरून जास्त मोडतात. म्हणून घटीचा हिशेब आधी कागदावर मांडायचा, पैसे मागाहून गोळा करायचे.

समजा ४०० किलो मिरची २०० रुपयांनी घेतली, म्हणजे ८०,००० रुपये झाले. हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि देठ खुडायची मजुरी मिळून ६,४०० धरा. एकूण ८६,४०० ला ४०० ने भागून बरेच जण २१६ रुपये भाव काढतात. पण नुसतं देठच वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास असतं. वर माती, सांडलेलं बी, फेकावी लागणारी मिरची आणि उन्हात उडणारं पाणी. सगळी मिळून दहा टक्के घट धरली तर हाती ३६० किलो येते, आणि तिचा भाव पडतो २४०. २१६ धरून तिखट विकणारा किलोमागे २४ रुपये पदरचे घालतो आणि खापर गटावर फोडतो.

माल पाहताना वरची मूठ पाहून भागत नाही. पोत्याच्या मधोमध हात घालायचा. मिरची तुटू नये म्हणून पाणी मारलेलं असतं, वजनही वाढतं. सुकी मिरची कानाशी हलवली की बी खुळखुळतं; ओली वाकते, मोडत नाही. प्रत्येक चुंगडीतल्या दहा-बारा मिरच्या फोडून आत बुरशी आहे का ते बघायचं. काळी किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती चुंगडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडायची. फटकी, म्हणजे पांढरे डाग पडलेली मिरची, जास्त निघाली तर तिखटाला रंग येत नाही. भिवापुरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ते नाव कोणत्याही ढिगाला चिकटवलं जातं. नावावर पैसे मोजू नयेत.

वाटणी पोत्यांवर करायची नाही. दोन पोती कधी सारखी नसतात आणि चांगलं पोतं कोणाच्या वाट्याला गेलं यावरून वर्षभर कुरबुर चालते. सगळा माल ताडपत्रीवर ओतून कालवायचा, देठ खुडून, वाळवून झाला की मगच प्रत्येकाच्या हिश्श्याने तोलायचा. रिकाम्या बारदान्याचं, म्हणजे पोत्याचं, वजन खरेदीच्या वेळीच वजा करून घ्यायचं. एप्रिलचं ऊन दोन दिवस पुरे. जास्त तापवली तर रंग उडतो. अवकाळीचा भरवसा नाही, झाकायला दुसरी ताडपत्री जवळच हवी.

आता खरा प्रश्न. १२० किलो घेणाऱ्याला एकट्यालाही बरा भाव मिळतो, मग त्याने ४० किलोवालीला त्याच भावात का घ्यावं? आमच्याकडे खुडणाऱ्या बाया तिच्या मोहल्ल्यातल्या आहेत, हजेरी आणि मजुरीचा हिशेब तीच ठेवते. माल पसरायला अंगण त्याचं, खुडणारी माणसं तिची. शिवाय सगळ्यांचं मिळून दळण असलं की चक्की दिवसभरासाठी घेता येते. आधीच्या दळणाचा मसाला पाट्यांत अडकलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीन किलो तिखट मिसळीचं निघतं. एकट्याने दळलं तर ते नुकसान प्रत्येकाला वेगळं. एकत्र दळलं तर एकदाच, आणि तेही सामायिक खात्यात. गरम तिखट लगेच पिशवीत भरलं की वाफ धरून गोळे होतात, त्यामुळे पसरून पूर्ण निवल्यावरच भरायचं.

उधारीचा नियम मात्र कडक ठेवावा. लग्नसराईत एखाद्याची मिरची संपली तर दुसरा देतो, पण मिरचीच्या बदल्यात मिरचीच, त्याच प्रतीची, तेवढ्याच वजनाची. रुपयांत फेडायचं ठरवलं की पावसाळ्यात भाव चढल्यावर देणारा नाडला जातो आणि पुढच्या खेपेला हात आखडतो. गिऱ्हाइकाचंही तसंच. सावजी मसाला एकीचाच, गोडा दुसऱ्याचा. आलेलं माणूस तिकडे पाठवायचं, त्यावर दलाली नाही. ती सुरू झाली की कोणी किती पाठवले याची मोजदाद लागते.

बिल एकाच्या नावावर नको. व्यापाऱ्याकडून ज्याच्या त्याच्या नावाने वेगळं घ्यावं, नाहीतर जीएसटी नोंदणी असलेल्या एकाच्या वह्यांत बाकी चौघांचा माल अडकतो. एखाद्याची आगाऊ रक्कम आली नाही तर त्याचा हिस्सा त्या खेपेला धरायचा नाही, भाऊ-ताई म्हणून भीड घालायची नाही. रिकामी बारदानं विकून आलेले पैसे काट्याच्या वार्षिक पडताळणीला ठेवतो.