फळ्यांआडचं घर

अमेरिकेच्या उत्तर मिनेसोटात स्ट्रक्चरल इंजिनिअरला जुन्या शेतघरात बोलावतात ते बहुधा घर पाडायचं ठरल्यावरच. एम्बॅरस गावाजवळचं हे घरही त्यातलंच. बाहेरून पांढऱ्या फळ्या, मागे नंतर जोडलेलं स्वयंपाकघर, त्याची जमीन एका अंगाला कललेली. मालकीणबाई नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्या मुलाला माझी सही हवी होती, बस्स.

मला खटकली खिडकी. साध्या फळ्यांच्या घराची भिंत सहा इंचांच्या आसपास असते. इथे खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी ठेवूनही आजींच्या कॉफीच्या कपाला जागा उरत होती. मोजली, तर भिंत १० इंच भरली. विचारून कोपऱ्यावरच्या दोन फळ्या उचकटल्या, आणि आत निघाले कुऱ्हाडीने तासलेले पाइनचे ओंडके!

कोपऱ्यात डव्हटेल जोड, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा टोकाला रुंदावणारा सांधा, त्याचा उतार बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाणी मुरत नाही, निथळून जातं. अमेरिकेतल्या बऱ्याच लॉग केबिनमध्ये ओंडक्यांमधल्या फटी माती-चुन्याने लिंपलेल्या असतात. फिनलंडहून आलेल्या सुतारांची रीत वेगळी. दोन टोकांच्या लोखंडी आखणीने खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा वरच्याच्या पोटावर उतरवून घ्यायचा, नेमकी तेवढीच खोबण कोरायची आणि आत शेवाळ भरायचं. माझ्या चाकूचं पातं कुठे शिरेना. दाराच्या चौकटीवर मात्र चार बोटं जागा मुद्दाम सोडलेली, चिंध्यांनी ठासलेली. ओंडके वाळताना आकसतात, भिंत खाली बसते. ही जागा नसती तर सगळा भार चौकटीवर येऊन दार कायमचं अडकलं असतं. हे आम्ही कॉलेजात शिकतो. इथे कुणी शिकवलं असेल?

“माझ्या आजोबांनी,” आजी म्हणाल्या. त्यांनी १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर घेतले होते. घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षं राहा, मग दोन साक्षीदार आणून कागद करून घ्या. सरकारने वाटलेली ही ‘मोकळी’ जमीन १८५४च्या तहापर्यंत इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांची होती, हे त्या कागदावर नसतं. आजोबांनी आधी सौना, म्हणजे फिनिश लोकांची गरम वाफेची न्हाणी, बांधला. घर उभं राहीपर्यंत कुटुंब त्यातच राहिलं, आजींची थोरली आत्या त्यातच जन्मली.

फळ्या ठोकून घेतल्या त्या आजींच्या आईने, हातात पैसा आल्याबरोबर. ओंडक्यांचं घर म्हणजे गरिबी. आमच्या आजोळी चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी आल्यावर मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चढला, तसंच.

मग आरी घेऊन ओंडका न् ओंडका टोचत गेलो. बहुतेक ठिकाणी टोकही जेमतेम रुतत होतं. स्वयंपाकघराच्या सांध्यापाशी, जिथे पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं उडत होतं, तिथे सगळ्यात खालच्या ओंडक्यात आरी मुठीपर्यंत गेली. कुजलं होतं ते एवढंच. अहवालात लिहिलं: स्वयंपाकघर पाडा, जॅक लावून भिंत उचला, तो एक ओंडका बदला, बाकी घर ठणठणीत आहे.

मुलगा आधी हिरमुसला, मग हिशेब मांडायला बसला. मी सुचवलं, फळ्या काढून ओंडके उघडेच ठेवा. हल्ली लोक असल्या घरांसाठी मुद्दाम पैसे मोजतात.

“मुळीच नाही,” आजी म्हणाल्या. “शेजारी म्हणतील, यांचे पैसे संपले.”