रत्नागिरी ते दुबई: विमानाचे सव्वातीन तास विसरा, माणगाव मोजा

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर, विमानाला सव्वातीन तास. रत्नागिरी ते सहार विमानतळ सुमारे 340 किलोमीटर, आणि खरा प्रवास हाच. त्यातच आमचे हाल झाले.

गाडी ठरवून देणाऱ्या एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "सहा तासांत सहारला सोडतो, निर्धास्त राहा." साफ खोटं! संगमेश्वरपर्यंत डायव्हर्जनवर डायव्हर्जन. परशुराम घाट, कशेडीचा बोगदा ठीक गेले. मग माणगाव. महामार्ग थेट बाजारपेठेतून, श्रीवर्धन-दिवेआगरहून परतणारी गर्दी आणि ताम्हिणीकडची पुण्याची वाहनं, सगळं तिथेच अडकतं. त्यात रविवारची संध्याकाळ. आमच्या खिडकीसमोरच्या टपरीवाल्याने भज्यांचा एक घाणा काढला, विकून संपवला, दुसरा टाकला, तरी गाडी जागची हलली नव्हती. मागच्या सीटवर मामी पासपोर्टची पिशवी छातीशी धरून घड्याळ बघत होत्या.

वडखळला ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि वेटिंगचे म्हणून दीड हजार जास्तीचे मागितले. विमान चुकायची धास्ती असलेला माणूस देणारच, हे त्याला पक्कं ठाऊक. ही सरळ लूट आहे. गाडीनेच जायचं असेल तर टोल, पार्किंग, वेटिंग धरून एकच रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, निम्मे पैसे टर्मिनलला उतरल्यावरच द्या. आणि रविवारी दुपारनंतर निघूच नका.

माझं मत विचाराल तर रेल्वेच. विमान पहाटेचं असेल तर आदल्या दुपारची मांडवी पकडा, रात्री ठाण्याला उतरा, तिथून टॅक्सी. दुपारच्या विमानाला रात्रीची कोकणकन्या चालते. पहाटेच्या विमानाला ती कामाची नाही, कारण ती ठाण्याला पोचेपर्यंत तुमचं विमान गेलेलं असेल. पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर गाड्या हळू धावतात, वेळाही बदलतात, त्या आधी बघा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचंच. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या किमान तासभर आधी बंद होतो आणि माणगावचं कारण तिथे कुणी ऐकत नाही.

तिकिटावरच्या वेळा वाचताना लोक हमखास गोंधळतात. दुबई आपल्या दीड तास मागे. पहाटे 4 ला सुटलेलं विमान तिथल्या पावणेसहाला उतरतं, म्हणजे तिकिटावर पावणेदोनच तास दिसतात. परतीला उलटं: तिथून रात्री 10 ला निघालात की मुंबईत साधारण अडीच वाजलेले असतात. परतीला वारा पाठीशी असतो, म्हणून हवेतला वेळ थोडा कमी, हिवाळ्यात तर जाणवण्याइतका.

सामानात सुकं खोबरं नको, विमानात चालत नाही. खसखस तर अजिबात नको. दुबईत तिच्यावर बंदी आहे. लेकासाठी अनारसे नेणाऱ्यांनी आणि घरचा मसाला बांधणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

दुबईतले दिवस मजेत गेले. परतताना अडीचला उतरलात तर बाहेर दलाल "कोकण, कोकण" करत मागे लागतील. थेट ठाणे गाठा आणि पहाटेच्या जनशताब्दीने या. तिचं आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा.