परिषद झाली झक्कास, पण एका सहीपायी जीव मेटाकुटीला आला

भूगर्भशास्त्राची विभागीय परिषद म्हणलं की लोकांना वाटतं हॉल, जेवण, सत्कार हेच काम. ते होऊन जातं हो. नांदेडला हॉल मिळाला, केटरर मिळाला, शोधनिबंध आले, छापून झाले, त्यावर लिहायला काही नाही. खरा घाम निघतो तो फिल्ड ट्रिपला, पुढं जे कोणी घेतील त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

ट्रिप ठरवताना एकच विचार होता, मराठवाड्यात काळ्या दगडाशिवाय काही नाही असं जे म्हणतात त्यांना दाखवायचंच. देगलूर-बिलोलीकडं बसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाची, चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, ते एका दिवसात बघून होतं. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी तर पाहिजेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा ६.२ चा भूकंप, तोपर्यंत हा भाग स्थिर समजायचे, आणि नंतर तिथं ६१७ मीटर खोल बोअर मारलं तर बसाल्ट ३३८ मीटरवरच संपला, खाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळाचा जुना कठीण खडक. पोरांना हे भूकंपात पडलेल्या जुन्या गावच्या जागेवर उभं करून सांगायचं, वर्गात सांगून ते पोचत नाही. आणि परिषद संपल्यावर लोणार, ते बुलढाण्यात येतं म्हणजे जिल्हा वेगळा, अभयारण्य आहे म्हणून वनखात्याची परवानगी आधीच काढा आणि हातोडा गाडीतच ठेवा.

आता अडलं कुठं ते सांगतो. वाटेत एक बंद पडलेली खदान आहे, सरकारी जागेतली, गाव सांगत नाही. तिथं लाव्ह्याचे दोन थर एकावर एक अन् मधी हातभर लाल पट्टा इतका स्वच्छ दिसतो की पुस्तकातला फोटो फिका पडावा. तिथं दोन तास थांबायचं एवढीच परवानगी पाहिजे होती. सरकारी कार्यालयात अर्ज दिला, आवकचा शिक्का मारून पोच घेतली. नंतर विचारायला गेलो तर म्हणे अशी परवानगी आमच्याकडं देतच नाहीत सर, जाऊन बघून या की, कोण अडवतंय. पण कॉलेज म्हणतं लेखी नसेल तर बस निघणार नाही, आणि कॉलेजचं बरोबरच आहे, पोरी असतात सोबत, खदानीचा कडा असतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. पुन्हा गेलो तर फाईल दुसऱ्या टेबलाला. तिथल्या क्लार्कनं अर्जात नमुन्यांचा उल्लेख बघितला आणि म्हणाला दगड नेणार म्हणजे गौण खनिज आलं, रॉयल्टी भरा, वाहतूक पास काढा. अरे पोरगं मुठीएवढा दगड पिशवीत घालून नेणार आणि त्याला हायवा ट्रकचा नियम लावता? मी शांतपणे बोललो पण डोकं फिरलं होतं. पत्रिका वाटून झालेल्या, पाहुण्यांची तिकिटं काढलेली, आणि इकडं रोज साहेब व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगला), साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, बाकड्यावर बसून बसून कंबर गेली. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं पहिल्याच दिवशी लेखी नाही म्हणावं, माणूस दुसरी जागा शोधतो. ना हो ना नाही, यात जो वेळ जातो त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी शिपाई मामांनीच सांगितलं, सर सकाळी कशाला येता, चारनंतर या, सह्या तवाच होतात. गेलो, आणि साहेब भेटले. अर्ज पुढं करायच्या आधी त्या लाल पट्ट्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो चोळला, बोटं लाल झाली, म्हणाले हे तर गेरूसारखंय. मग सांगितलं, साहेब, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे हे, एक लाव्हा येऊन थंड झाला, वरचा भाग झिजून माती झाली आणि मग दुसरा लाव्हा त्या मातीवर आला, खालची माती भाजली. त्यांनी विचारलं दोन्हीच्या मधी किती वेळ गेला असेल, म्हणलं हजारो वर्षंसुद्धा असू शकतात. फाईल मागवली, समासात स्वतःच्या हातानं लिहिलं की अभ्यास सहल आहे, उत्खनन नाही, परवानगी द्यावी, आणि सही केली. पायऱ्या उतरताना मी घरी फोन लावला, मन इतकं हलकं झालं होतं. जावक नंबरसाठी अजून एक चक्कर झालीच.

अर्जात जागेचा गट नंबर, तारीख-वेळ, किती जण आणि कोणती गाडी हे सगळं टाका, सोबत हमीपत्र जोडा, एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक पोलीस ठाण्याला द्या. नकाशे विकत घेत बसू नका, जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) भूकोश पोर्टलवर बरंच मिळतं. हो, संभाजीनगरला परिषद घेणार असाल तर अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, आणि अजिंठ्याला आपली बस फर्दापूरच्या फाट्यावर सोडून तिथल्या बसनं जावं लागतं, तो वेळ धरा. दिवाळीच्या आसपास जाऊ नका, गवत असतं, थर दिसत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी चांगला, पण खदानीत सावली नसते तेव्हा पाण्याचे जार बसमधी जास्तीचेच टाका.