दिवसाची बिजली, रात्रीची काशी

मागच्या पायात तारेचा फास, फासाला बांधलेली खुंटी, आणि ती खुंटी उपटून ओढत नेणारा सुळेवाला रानडुक्कर. वनरक्षकाने फोनवर एवढंच सांगितलं आणि म्हणाला, "दादा, दोन्ही कुत्री घेऊनच या."

मी शिकारी रक्ताची कुत्री शिकवतो, पण शिकारीसाठी नाही. जखमी जनावराचा माग काढायचा आणि डॉक्टरांना त्याच्यापर्यंत न्यायचं, एवढंच काम. गुण शिकाऱ्याच्या कुत्र्याचेच लागतात, शेवटची पायरी तेवढी वेगळी. कुत्र्याने जनावर धरायचं नाही. दाखवायचं आणि गप्प बसायचं.

सकाळी बिजलीला काढलं. ही लांब पायांची, निमुळत्या तोंडाची, नजरेवर धावणाऱ्या जातीची. या कुत्र्यांना दोन्ही बाजूंचं आपल्यापेक्षा बरंच जास्त दिसतं आणि लांबवर नुसता कान हलला तरी ते टिपतात. (हलणारं दिसतं, हे महत्त्वाचं. दबून बसलेला ससा चार पावलांवर असला तरी कधी कधी सुटतो.) उघड्या माळावर दिवसा हिच्यासारखं कुत्रं नाही. मान वर, नाक वाऱ्याला आणि पाय कायम पुढे. लांब दोरीवर तिने सगळा माळ असा झाडून काढला, की डुक्कर उघड्यावर नाही, ओढ्यापलीकडच्या काटेरी रानात शिरलंय, हे ऊन चढायच्या आत आम्हाला कळलं होतं. माणसं लावून हे करायचं तर अख्खा दिवस गेला असता.

मग ऊन लागलं. दिवसाच्या कुत्र्याची खरी परीक्षा वेगात नसते, उन्हात असते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. आणि तोंडाने धापा टाकत असताना हुंगणं जमत नाही. नीट माग काढणारं कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हुंगतं. जीभ लोंबायला लागली की तो ताल मोडतो. त्यात तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि वासही वर नेऊन पांगवते. म्हणून दिवसाचं कुत्रं निवडताना मी छाती बघतो, तळव्यांची कातडी बघतो आणि पाणी पाजून सावलीत बसवल्यावर श्वास किती लवकर ताळ्यावर येतो ते बघतो. नाक त्यानंतर.

बिजलीची छाती उत्तम आहे, तरी दुपारी काम संपलं ते वेगळ्याच कारणाने. काटेरी रानाच्या तोंडाशी डुकरांचा एक कळप मागाला आडवा गेला होता. झुडपात काहीतरी हललं, आणि नाकावर चाललेली बिजली एका क्षणात डोळ्यांवर आली. दोरी ताणली गेली, मी दोन पावलं फरफटलो. कळप धडधाकट होता, आमचं जनावर त्यात नव्हतं. त्यात तिचा दोष नाही, ज्या नजरेसाठी तिला घेतली तीच आडवी आली. रक्ताचा शेवटचा थेंब एका पानावर सापडला होता, तिथे वनरक्षकाने फडकं बांधलं आणि आम्ही गाडीकडे परतलो.

काशीला सूर्य मावळल्यावर उतरवलं. जाड हाडांची, लांब कानांची, दिसायला अगदीच सामान्य. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, ही म्हातारी पोचेल का तिथवर?" वयाने ती म्हातारी नाहीच, चालतेच तशी.

रात्री कुत्र्याला डोळ्यांचा उपयोग नसतो असं नाही. डोळ्याच्या पडद्यामागे चकाकता थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्यांचं आपल्यापेक्षा चांगलं भागतं. पण आपण तोंडावर बॅटरी मारली की तो फायदा गेला. मी लाल काच लावलेली बॅटरी वापरतो, लाल रंग त्यांना फारसा जाणवत नाही. नाकाचं तर बोलायलाच नको: माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्यांत जातीप्रमाणे दहा ते तीस कोटी. तरी नाक चांगलं आहे म्हणून कुणी रात्रीचं कुत्रं होत नाही. रात्री गार, दमट हवेत वास जमिनीला धरून राहतो आणि सगळ्यांचाच राहतो: सशाचा, कोल्ह्याचा, त्या कळपाचाही. चांगल्या नाकाला मोहही तेवढेच. मला हवी असते चिकाटी, एका वासाशी इमान.

कळप आडवा गेला होता तिथे काशी थांबली. डावीकडे गेली, परत आली. उजवीकडे गेली, परत आली. मग एक छोटा फेर धरून पलीकडे निघाली, आणि थोडं पुढे मऊ मातीत खुंटी ओढल्याची रेघ दिसली.

डॉक्टर खरे अस्वस्थ झाले ते घळीपाशी. माग सरळ पुढे जात होता आणि काशीने तो सोडून दिला. नाक वर करून घळीच्या तोंडाशी उभी राहिली. "चुकली," डॉक्टर पुटपुटले. मी नाही म्हटलं. रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खाली घरंगळते, घळीतून तर ओढ्यासारखी वाहते. डुक्कर लांबून वळसा घेऊन वर जाऊन बसलं होतं आणि त्याचा वास आता सरळ खाली आमच्याकडे येत होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे, म्हणजे त्याला आमचा पत्ता नाही. आम्ही घळीच्या कडेने चढलो. थोड्या वेळाने हातातली दोरी थरथरली. काशी पुढचा एक पाय उचलून उभी, शेपटी ताठ, तोंडातून चकार शब्द नाही. समोरच्या करवंदीच्या जाळीतून हुंकार आला.

अमेरिकेत रॅकून नावाचं रात्री फिरणारं लहान जनावर झाडावर चढवणाऱ्या कुत्र्यांचा आवाज हाच त्यांचा मोठा गुण मानतात. अंधारात मालक आवाजावरून ओळखतो, कुत्रं अजून मागावर आहे की झाडाखाली पोचलंय. आमच्या कामात तोच आवाज घात करतो. भुंकलं की जखमी डुक्कर एकतर पुन्हा पळणार, नाहीतर अंगावर येणार.

रात्री भुलीची सुई मारायची नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुई लागूनही जनावर लगेच पडत नाही, अंधारात निसटलं तर भुलीतच कुठे पाण्यात पडेल. आम्ही तसेच मागे सरकलो आणि वारा सांभाळून पहाटेपर्यंत बसलो. उजाडल्यावर सुई लागली, डुक्कर जाळीतून थोडं बाहेर येऊन आडवं झालं. तार कातडीत रुतली होती, हाडापर्यंत गेली नव्हती. डॉक्टरांनी ती कापून काढली, जखम धुतली, भूल उतरवणारं औषध टोचलं आणि आम्ही सगळे झटपट लांब झालो. ते उठलं, दोनदा अडखळलं आणि लंगडत रानात गेलं.

परतताना वनरक्षक म्हणाला, "दादा, काशीचं एखादं पिल्लू आमच्यासाठी ठेवा की." ठेवलं असतं, पण तिच्या यंदाच्या विणीतलं सगळ्यात तल्लख नाकाचं पिल्लू पान हललं तरी भुंकतं. ते मी बिजलीबरोबर दिवसाच्या कामाला लावलंय. शांत राहणारं एक आहे, नाकाने मध्यम. त्याला अजून एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू, असं सांगितलं.